हिवाळा आणि परसातील कुक्कुटपालन

देशाच्या विसाव्या पशुगणनेत (2019) कुक्कुट पक्ष्यांची एकूण संख्या सुमारे 85.18 कोटी नोंदविली गेली. त्यांपैकी सुमारे 31.71 कोटी पक्षी परसातील होते. 2012 च्या गणनेशी तुलना करता व्यावसायिक क्षेत्रातील पक्ष्यांची वाढ सुमारे साडेचार टक्के होती, तर परसातील पक्ष्यांची वाढ जवळजवळ 46 टक्के होती. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक व आदिवासी कुटुंबांत या व्यवसायाची जबाबदारी बहुतांशी स्त्रियांकडे असते. मुलांच्या आहारातील अंडे, आजारपणात लागणारी रोकड आणि बाजारच्या दिवशीची किरकोळ खरेदी या गोष्टी अनेकदा दहा-पंधरा कोंबड्यांच्या आधाराने साधल्या जातात. हा आधार किती भक्कम आहे, याची खरी कसोटी हिवाळ्यात लागते.

थंडी आणि प्रकाश

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते. ते टिकविण्यासाठी थंडीत तिला अधिक ऊर्जा लागते. त्यामुळे ती अधिक खाते, परंतु त्या खाद्याचा मोठा भाग शरीर उबदार ठेवण्यातच खर्ची पडतो. नेमक्या याच काळात परसातील किडे, कोवळे गवत व हिरवा पाला दुर्मिळ होतो. पोट भरलेले दिसले तरी प्रथिने व जीवनसत्त्वे कमी पडतात. म्हणूनच मोकाट चरणाऱ्या पक्ष्यांना सायंकाळी मूठभर मका, ज्वारी किंवा भरड धान्य द्यावे, असा सल्ला दिला जातो. रात्री हळूहळू पचणारे हे धान्य शरीरास ऊब पुरविते. पाणी फार गार असल्यास पक्षी ते कमी पितात आणि त्याचा परिणाम खाण्यावर व अंड्यांवर होतो. पर्वतीय भागांत तर भांड्यातील पाणी गोठते. तेथे दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाणी देणे अपरिहार्य ठरते.

अंडी घटण्याचे दुसरे कारण प्रकाशाचे आहे. अंडी देण्याची क्रिया चालू राहण्यासाठी कोंबडीला दिवसाकाठी साधारणतः 14 ते 16 तास प्रकाश लागतो. डिसेंबरच्या अखेरीस श्रीनगरमध्ये दिवस दहा तासांहून लहान असतो, तर चेन्नईत तो सव्वाअकरा तासांहून मोठा असतो. दिवस लहान होऊ लागले की मेंदूतील संप्रेरकांची प्रेरणा मंदावते, जुनी पिसे झडतात आणि अंडी थांबतात. हा आजार नव्हे. सकाळी व सायंकाळी मिळून काही तास दिव्याचा प्रकाश दिल्यास घट कमी होते, परंतु ज्या घरात विजेचा भरवसा नाही तेथे हा उपाय कागदावरच राहतो.

खुराडे: बंदिस्त की हवेशीर?

थंडीच्या भीतीने खुराडे सर्व बाजूंनी बंद करणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. पक्ष्यांच्या श्वासातून व विष्ठेतून सतत ओलावा बाहेर पडतो. हवा खेळती नसेल तर जमिनीवरील तूस ओले होते, अमोनिया वायू साचतो, डोळे चुरचुरतात आणि श्वसनाचे विकार बळावतात. वाऱ्याच्या दिशेने गोणपाटाचे पडदे लावावेत, मात्र छताजवळची फट उघडी ठेवावी. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा जाड थरात पसरावा, तो वरचेवर खालीवर करावा आणि ओला भाग काढून टाकावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे पक्षी व माणसे दोघांच्याही जिवास धोका असतो.

प्रदेशानुसार उपाय बदलतात. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलां’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ मानला जातो. तेथे गोठणारे पाणी व बर्फ ही मुख्य अडचण असते. गंगेच्या मैदानात अनेक दिवस टिकणारे धुके आणि ओलावा अधिक त्रासदायक ठरतो. दख्खनच्या पठारावर दिवस उबदार असतात, परंतु पहाटे पारा एकदम उतरतो आणि त्याची झळ पिल्लांना बसते.

पहिले चार आठवडे

हिवाळ्यातील सर्वांत मोठी हानी पिल्लांची होते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश तापमान लागते. पुढे दर आठवड्यास ते साधारण तीन अंशांनी कमी करीत आणता येते. अंगावर पुरेशी पिसे येईपर्यंत स्वतःची ऊब राखण्याची शक्ती त्यांच्यात नसते. ऊब कमी पडली की पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

गावठी कोंबडी खुडूक बसते, अंडी उबविते आणि पिल्लांना पंखांखाली घेते. मात्र वर्षाला ती साधारणतः 50 ते 70 अंडीच देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी विकसित केलेली ‘वनराजा’ ही जात शंभरच्या आसपास अंडी देते, तर ‘ग्रामप्रिया’ त्याहून अधिक देते. परंतु अशा सुधारित जातींमध्ये खुडूक बसण्याचा गुण जवळजवळ नाहीसा झालेला असतो. म्हणजेच सुधारित पिल्लू परसात येते, त्याची आई येत नाही. ती ऊब व्यवस्थेने पुरवावी लागते.

2009-10 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ग्रामीण परसबाग कुक्कुट विकास कार्यक्रमात ‘मातृ केंद्रा’ची कल्पना यासाठीच होती. पिल्ले तेथे चार आठवडे वाढवून मग दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना दिली जात. पुढे राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021-22 मधील फेररचनेत ग्रामीण कुक्कुटपालनाचे मातृपक्षी केंद्र, उबवणी केंद्र व पिल्ले वाढविण्याचे केंद्र एकत्र उभारणाऱ्या उद्योजकास 50 टक्के, कमाल 25 लाख रुपये भांडवली अनुदानाची तरतूद झाली. ही केंद्रे गावापासून दूर असतील किंवा पिल्ले एका दिवसाचीच वाटली गेली, तर हिवाळ्यातील वाटपाचा खर्च बव्हंशी वाया जातो.

रोग, लस आणि सूचना

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा रोग भारतात 1927 मध्ये कुमाऊँमधील राणीखेत येथे ओळखला गेला. त्यावरील लस स्वस्त व परिणामकारक आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी ही लस देण्याची पद्धत आहे. अडचण निराळीच आहे. एका कुपीत बहुधा शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि विरघळविलेली लस सुमारे दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीस ती परवडत नाही. गावातील सर्व घरांनी एकच दिवस ठरवून लसीकरण केल्यास ही अडचण सुटते. महिला बचत गटांची भूमिका येथे महत्त्वाची ठरते.

बर्ड फ्लूचा धोकाही हिवाळ्यात वाढतो, कारण मध्य आशियाई उड्डाणमार्गाने स्थलांतरित पक्षी याच काळात भारतात येतात. देशातील पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील व्यावसायिक फार्ममध्ये झाला. जानेवारी 2008 मध्ये पश्चिम बंगालमध्ये मोठा फटका बसला तो परसातील पक्ष्यांना. 2020-21 च्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर मोठ्या संख्येने वन्य पक्षी मृत्युमुखी पडले. रोगाची निश्चिती भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. त्यानंतर कृती आराखड्यानुसार बाधित स्थळाभोवतीच्या एक किलोमीटर परिसरातील पाळीव पक्षी नष्ट केले जातात व नुकसानभरपाई दिली जाते. भरपाईस विलंब झाला वा ती अपुरी ठरली, तर गरीब पालक मरतूक लपवितो, पक्षी घाईने विकतो आणि रोग पसरतो. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने अनुसूचित रोगाची सूचना देणे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. ते पार पाडले जाण्यासाठी भरपाईवर विश्वास असावा लागतो.

धोरणात्मक बाजू

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पशुधन संवर्धन व पशुरोग प्रतिबंध हा राज्यसूचीतील (नोंद 15) विषय आहे, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरण्यास प्रतिबंध हा समवर्ती सूचीत (नोंद 29) येतो. त्यामुळे केंद्राचा निधी व आराखडा आणि राज्याची पशुवैद्यकीय यंत्रणा यांच्या समन्वयावरच यश अवलंबून राहते.

थोडक्यात, परसातील हिवाळ्याच्या समस्यांवरील उपाय महागडे नाहीत. गोणपाट, तूस, मूठभर धान्य व कोमट पाणी यांची सोय कुटुंब स्वतः करू शकते. चार आठवड्यांची पिल्ले, वेळेवर मिळणारी लस आणि तत्पर भरपाई या तीन गोष्टी मात्र त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पक्षीवाटपाच्या योजनेचे मूल्यमापन करताना किती पिल्ले वाटली याबरोबरच त्यांपैकी किती पिल्ले फेब्रुवारी अखेरपर्यंत जगली, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

1. सुधारित जातींच्या प्रसारासाठी मातृ केंद्रे का आवश्यक ठरतात?
2. ‘पशुरोग नियंत्रणात नुकसानभरपाई ही केवळ मदत नसून प्रतिबंधाचे साधन आहे.’ चर्चा करा.