टाके भरले, पण आत?

दोन सिझर आणि नंतर गर्भपिशवी काढली, असं माझं पोट तीनदा उघडलं गेलं. तिन्ही वेळा टाके छान भरले. आत काहीतरी चिकटू शकतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. काही वर्षांनी जेवल्यावर कळा येऊ लागल्या. ‘गॅस असेल, ओवा खा,’ असं घरीही ऐकलं आणि दवाखान्यातही. सोनोग्राफी नॉर्मल आली. मग एका रात्री पोट टम्म फुगलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना. लहान आतडं चिकटून वाट अडली होती. नाकातून नळी, सलाइन, तोंडावाटे सगळं बंद. सुदैवाने चौथं ऑपरेशन टळलं.

हे का होतं, ते तेव्हा कळलं. आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या बाजूला पातळ, ओलसर आवरण असतं. ऑपरेशनमध्ये हात, उपकरणं, कोरडं कापड यांनी ते खरचटतं, उघड्यावर सुकतं, रक्त साचतं, जंतुसंसर्ग होतो. जखम भरताना तिथे फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ जमतो. एरवी शरीर तो काही दिवसांत विरघळवतं. रक्तपुरवठा कमी पडला की तो तसाच राहतो आणि त्याचे कायमचे पट्टे बनतात. हातमोज्यांची पावडरही याला कारण ठरते. अमेरिकेने 2017 पासून असे मोजे बंद केले.

बायकांच्या बाबतीत गर्भाशय, बीजनलिका आणि आतडी ओटीपोटात अगदी लगत असतात. सिझर जितके जास्त, तितकं चिकटण्याचं प्रमाण वाढतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), ओटीपोटातला संसर्ग किंवा क्षयरोग असेल तर ऑपरेशनशिवायही हे होतं. बीजनलिका अडकल्या तर गर्भ राहणं अवघड होतं. ऑपरेशनशिवायही हे होत असल्याने दर वेळी सर्जनला दोष देणं मला पटत नाही. आधी न सांगणं मात्र चुकीचंच.

ऑपरेशन करून पट्टे सोडवले तरी नवे बनू शकतात. त्यामुळे खरी काळजी ऑपरेशनच्या आधीच घ्यायची. बीड जिल्ह्यात 2019 च्या सर्वेक्षणात 13 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भपिशवी काढल्याचं समोर आलं. त्यांतल्या किती जणींना हा धोका सांगितला असेल, या विचाराने जीव तुटतो. गर्भपिशवी काढायला सांगितली, तर औषधाने भागेल का, दुर्बिणीतून होईल का, हे विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दुर्बिणीतून केलं तर चिकटण्याचं प्रमाण सहसा कमी राहतं.

साध्या सोनोग्राफीत हे पट्टे सहसा दिसत नाहीत, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून दुखणं दाबून ठेवू नका. आधी कुठली ऑपरेशनं झाली, ते प्रत्येक डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आणि पोट फुगलं, उलट्या थांबेनात, वारा आणि शौच दोन्ही बंद झालं, तर सकाळ उजाडायची वाट पाहू नका. जुने कागद घ्या आणि सर्जन असलेलं रुग्णालय लगेच गाठा.