रिपोर्टातलं प्रश्नचिन्ह

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की सीटी स्कॅनचा लिफाफा डॉक्टरांच्या आधी आपणच फोडतो. माझ्या रिपोर्टात लिहिलं होतं, माकडहाडापुढे 'सॉफ्ट टिश्यू', आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून 'रिकरन्स', म्हणजे कॅन्सर परतला की काय. भिवंडीतल्या ज्या सेंटरवर स्कॅन केला तिथे ऑपरेशन कधी झालं, रेडिएशनचा शेक दिला होता का, कुणी विचारलं नव्हतं. घरी बायकोने मुलीचं लग्न पुढे ढकलायचं बोलूनही टाकलं.

परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि जुनी सीडी मागितली. आधीच्या स्कॅनमध्येही त्या सॉफ्ट टिश्यूची तीच पट्टी, तेवढीच जाड. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर तिथे व्रणाची ऊती तयार होतेच, आणि एकट्या सीटीत व्रण व गाठ सारखीच दिसू शकते. गुदाशय पूर्ण काढला असेल तर रिकाम्या जागेत आतडं, मूत्राशय किंवा गर्भाशय मागे सरकतं, तेही गाठीसारखं भासतं. खात्रीसाठी एमआरआय झाला. त्यात जुना, घट्ट झालेला व्रण बहुधा काळा दिसतो, गाठ त्याहून उजळ. मात्र रेडिएशन ताजं असेल तर सूज एमआरआयलाही चकवते आणि पेट स्कॅनलाही.

म्हणून उपचार संपल्यावर काही महिन्यांनी तुलनेसाठी एक स्कॅन करून ठेवायचा का, हे सर्जनला विचाराच. पुढचे स्कॅन शक्यतो एकाच ठिकाणी करा. कल्याण किंवा ठाण्याहून परळला लोकलने जाणं जिवावर येतं, कबूल. स्कॅन घराजवळ करायचा असेल तर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट आणि जुनी सीडी रेडिओलॉजिस्टच्या हातात द्या. नुसत्या फिल्म पुरत नाहीत, आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात त्या एकमेकींना चिकटतातही.

याचा अर्थ प्रत्येक डाग व्रणच, असा नाही. पट्टी आधीपेक्षा वाढली, रक्तातला सीईए हा ट्यूमर मार्कर चढला, किंवा बसताना दुखू लागलं, पायात कळ जाऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. इंजेक्शन देऊन स्कॅन असेल तर आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या, मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर तसं सांगा. आणि सीडी काउंटरवरच कॉम्प्युटरला लावून दाखवायला सांगा. माझी एक कोरी निघाली होती.