संगणक शिकूया : पाकिटावरचा हिरवा ठिपका आपल्या हातानं



अंगारकीला टिटवाळ्यात गर्दी किती असते ते तुम्हाला सांगायला नको. खडवलीहून एकच स्टेशन. आपल्यातल्या काही जणी पापड, कुरडया, मसाला घेऊन तिथं बसतात. गिऱ्हाईक पाकीट उचलतं तेव्हा काय करतं, ते कधी नीट बघा. आधी चित्र बघतं, मग हिरवा ठिपका शोधतं, मग पाकीट उलटं करून तारीख वाचतं. भाव विचारायची वेळ त्यानंतर येते.

म्हणजे आपण बोलायच्या आधी लेबल बोलतं. हे लेबल बरेच गट दुकानातून करून आणतात. किंमत दहा रुपयांनी वाढली की पुन्हा लोकल, पुन्हा पैसे, पुन्हा दुसऱ्याच्या संगणकासमोर उभं राहायचं. मागच्या पाठात आपण वर्डमध्ये मराठी टाईप करायला शिकलो. आज त्याच कागदावर फोटो आणि आकार घालूया.

१. फोटो आपल्याच मालाचा

इंटरनेटवरून सुंदर पापडाचा फोटो उचलायचा मोह होतो. तो करू नका. तो फोटो दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असतो. शिवाय पाकिटात निघणारा पापड तसा नसला, तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. दिशाभूल करणाऱ्या लेबलला कायद्यात दंडही आहे.

सकाळच्या उजेडात, दाराजवळ, साध्या ताटात पापड मांडा आणि मोबाईलनं फोटो काढा. तो केबल लावून संगणकात घ्या. व्हॉट्सअॅपनं पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर फोटो बारीक होतो आणि छपाईत फाटल्यासारखा दिसतो.

आता वर्डमध्ये ‘इन्सर्ट’वर क्लिक करा, मग ‘पिक्चर्स’, मग ‘धिस डिव्हाईस’. फोटो निवडा. तो कागदावर येतो, पण बहुतेक वेळा फार मोठा येतो. लहान करताना कोपऱ्यातली गोल खूण धरूनच ओढा. बाजूची मधली खूण ओढली की गोल पापड लांबट होतो.

२. फोटो पळतो, त्याला बांधायचं कसं?

नव्यानं शिकणाऱ्या सगळ्यांची हीच तक्रार असते : ‘फोटो हलवला की अक्षरं कुठल्या कुठं जातात.’ तुमचं काही चुकलेलं नसतं. सुरुवातीला वर्ड फोटोला एका मोठ्या अक्षरासारखं धरतं, म्हणून तो ओळीतच बसतो.

फोटोवर क्लिक करा. शेजारी छोटं बटण दिसेल, ते दाबून ‘स्क्वेअर’ निवडा. आता फोटो हवा तिथं नेता येतो आणि अक्षरं त्याच्या कडेनं नीट बसतात. घोळ झालाच तर कंट्रोल आणि झेड ही बटणं एकत्र दाबा. केलेलं मागे जातं, काही बिघडत नाही.

ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांनी लिबरऑफिस रायटर वापरावं, ते फुकट आहे. तिथं ‘इन्सर्ट’मध्ये ‘इमेज’ आणि ‘शेप’ असतात. ‘रॅप’ मात्र फोटोवर उजवं क्लिक केल्यावर मिळतं.

३. हिरवा ठिपका

शाकाहारी पदार्थाची खूण म्हणजे हिरव्या रेषेचा चौकोन आणि त्यात भरीव हिरवा गोल. चौकोनाची बाजू गोलाच्या दुप्पट असते. खुणेचं माप पाकिटाच्या दर्शनी बाजूवरून ठरतं. ही बाजू १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर गोल किमान ३ मिलीमीटरचा हवा. १०० ते ५०० पर्यंत ४ मिलीमीटर, ५०० ते २,५०० पर्यंत ६ आणि त्याहून मोठी असेल तर ८ मिलीमीटर.

समजा पाकिटाची दर्शनी बाजू १२ सेंटीमीटर रुंद आणि १५ उंच आहे. बारा पंधरे एकशे ऐंशी. म्हणजे गोल ४ मिलीमीटरचा आणि चौकोन ८ मिलीमीटरचा. आता काढूया :

• ‘इन्सर्ट’, मग ‘शेप्स’, मग आयत. शिफ्ट बटण दाबून धरा आणि माऊस ओढा. शिफ्टमुळे आयताचा बरोबर चौकोन होतो.
• वर ‘शेप फॉरमॅट’मध्ये ‘शेप फिल’ला ‘नो फिल’ करा आणि ‘शेप आउटलाइन’ला हिरवा रंग द्या. उजवीकडे उंची आणि रुंदीच्या दोन्ही चौकटींत ०.८ सेंमी भरा. चौकटीत इंच दिसत असेल तर आकड्यापुढे इंग्रजीत सेंटीमीटरची ‘सीएम’ ही अक्षरं टाईप करा, वर्ड स्वतः बदलून घेतं.
• पुन्हा ‘शेप्स’मधून लंबगोल घ्या, शिफ्ट धरून ओढा. दोन्ही मापं ०.४. आतला रंग आणि रेषा दोन्ही हिरव्या.
• गोल चौकोनावर ठेवा. शिफ्ट धरून दोन्हींवर क्लिक करा. ‘अलाइन’मध्ये आधी ‘सेंटर’, मग ‘मिडल’. ठिपका बरोबर मधोमध बसेल.
• शेवटी ‘ग्रुप’. आता दोन्ही एकत्र हलतात, ठिपका घरातून बाहेर पडत नाही. गटाचं काम संगणकालाही कळतं!

ही खूण पदार्थाच्या नावाजवळ आणि उठून दिसेल अशा रंगावर ठेवा. सुकटीच्या चटणीला हिरवा ठिपका चालत नाही. तिथं तपकिरी चौकोनात भरीव तपकिरी त्रिकोण लागतो. उपासतापास पाळणारी बाई ठिपक्यावर भरवसा ठेवून पाकीट घेते. तो भरवसा मोडू नका.

उरलेला मजकूर ‘टेक्स्ट बॉक्स’मध्ये लिहा : पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, गटाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि अन्न सुरक्षेचा १४ अंकी नोंदणी क्रमांक.

४. छापण्याआधी

फाईल ‘सेव्ह अॅज’मधून पीडीएफ करा. तशीच वर्डची फाईल दुकानात नेली आणि तिथं आपला फॉन्ट नसला, तर मराठी अक्षरं आणि मांडणी दोन्ही हलतात. आधी एकच प्रत काढा. छापताना ‘फिट’ नको, ‘अॅक्चुअल साईज’ सांगा, नाहीतर ४ मिलीमीटरचा ठिपका बारीक होतो. प्रत हातात आली की फूटपट्टी लावून मोजा. आणि लेबलची काळी-पांढरी झेरॉक्स काढू नका, कारण हिरवा ठिपका काळा झाला की ती खूण उरत नाही.

५. दुसरीला शिकवताना

ज्या ताई गटात हा पाठ घेतील त्यांच्यासाठी एक गोष्ट. माऊस शिकणाऱ्या बाईच्या हातात द्या आणि आपले हात मागे ठेवा. ती अडखळली की आपण पटकन माऊस ओढून घेतो. काम होतं, पण शिकणं राहून जातं. सुरुवात फोटोनं नको, आकारांनी करा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला गोल कुठं बसवायचा हे कळतंच, फक्त माऊसची सवय व्हायला वेळ लागतो. तिचा फोटो पळू द्या, कंट्रोल-झेडनं तिला स्वतःला परत आणू द्या. एकदा स्वतः परत आणला की भीती जाते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एका पदार्थाचं लेबल आणि एक फूटपट्टी घेऊन यावं. ठिपके मोजून बघू. चुकला तर बदलायला आता कुठं जायचं नाही, फाईल आपल्याकडेच आहे.