शंका-समाधान : शेजारचा खड्डा आणि आपला पाया

शंका : नरपडला समुद्राच्या बाजूला आमचं दुमजली घर आहे. भूकंपाच्या धक्क्यांनंतर भिंतींना तडे गेले. आता खेटून चार मजली इमारतीसाठी खोदकाम सुरू झालंय. पुढच्या धक्क्यात आमचा पाया खचेल का?

समाधान : नोव्हेंबर २०१८पासून तुमच्या डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास भूकंपांची मालिकाच सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. एवढ्या धक्क्याने कच्च्या बांधणीच्या भिंती तडकतात, पण पाया सहसा खचत नाही. पायाखालची पाण्याने भरलेली सैल रेती भूकंपात पातळ होऊन वाहू लागायला साधारण ५च्या वरची तीव्रता लागते.

तसा भूकंप आला तर काय होतं, ते जपानच्या उरायासूत दिसलं. ११ मार्च २०११ला तिथल्या भराव जमिनीवरची घरं भिंती धड असूनही कलली आणि दाटीतली कित्येक एकमेकांकडे झुकली. दोन घरांचा भार मधल्या मातीवर एकत्र येतो, म्हणून ती बाजू जास्त दबते. कललेल्या घरात राहणाऱ्यांना घेरी येऊ लागली, मळमळू लागलं.

मला तुमच्याबाबत भूकंपापेक्षा त्या खड्ड्याची काळजी जास्त वाटते. किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत पाणी थोड्याच खोलीवर लागतं. ते पंपाने उपसताना बारीक रेतीही निघून येते आणि तुमच्या पायाखाली पोकळी होते. भूकंपाची गरजच उरत नाही! रेताड जमिनीसाठी भारतीय मानकाचा नियम असा : नवं फूटिंग, म्हणजे पायाचा तळाचा पसरट भाग, तुमच्या फूटिंगपेक्षा तीन फूट खोल जाणार असेल, तर दोघांच्या जवळच्या कडांमध्ये निदान सहा फूट अंतर हवं. तेवढी जागा नसेल, तर आधी खड्ड्याच्या कडेला भक्कम आधार द्यायचा आणि मगच खणायचं. जमिनीच्या वर दोन इमारतींत मोकळा सांधाही हवा, नाहीतर हलताना त्या एकमेकींवर आदळतील.

तड्यांवर आजच प्लॅस्टरची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी फुटली, किंवा तडा जोत्यापासून तिरका वर चढत वाढला, तर पाया हलतोय असं समजा. तडा सिमेंटने बुजवू नका, खुणेशिवाय काही कळणार नाही. शेजाऱ्यांकडून माती परीक्षणाचा अहवाल आणि खोदकामाचा नकाशा मागा, ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरने पाहणी करेपर्यंत पाणी उपसणं थांबवायला लावा.