आधी मुक्काम ठरवा

भारतातून आईवडील किंवा सासूसासरे येणार असले, की अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली आरव्हीचा विषय निघतोच. स्वयंपाकघर सोबत, बाथरूम सोबत, रोज बॅगा भरायला नकोत. गुडघे दुखणाऱ्या माणसांना या प्रवासाने किती आराम मिळतो ते मी घरातच पाहिलं आहे, म्हणून जा असंच सांगेन. पण बहुतेक जण आखणी उलट्या टोकाने करतात. नकाशावर लास व्हेगास, झायन, ब्राइस, पेज, ग्रँड कॅनियन अशी माळ ओवायची, विमानाची तिकिटं काढायची, गाडी ठरवायची, आणि रात्री उतरायचं कुठे ते सगळ्यात शेवटी बघायचं. झायनमधलं वॉचमन आणि ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावरचं मेदर या कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, आणि मोसमातल्या जागा बघता बघता जातात. मग उरतं ते बाहेरचं एखादं खासगी कॅम्पग्राउंड.

आम्हाला असंच एक मिळालं होतं. जाहिरातीत मोठ्या गाड्यांचं खास स्वागत होतं. पोचलो तेव्हा ऑफिस बंद, दारावर आमच्या नावाचं पाकीट आणि त्यात जागेचा नंबर. जागा पाहिली तर अरुंद आणि पुढच्या बाजूला चांगलीच उतरती. आजूबाजूच्या सगळ्या भरलेल्या, फोन कुणी उचलेना. गाडी तशीच तिरकी लावून झोपलो. रात्री सासरे पाणी प्यायला उठले आणि मला हाक मारली, "अगं, फ्रीजमधली बाटली गार लागत नाहीये. माझं इन्सुलिन आहे ना त्यात?"

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे भाड्याची गाडी देताना कुणी समजावत नाही. बऱ्याच आरव्हींमधला फ्रीज घरातल्यासारखा कॉम्प्रेसरवर चालत नाही. गॅसच्या किंवा विजेच्या उष्णतेने त्यातलं अमोनियाचं द्रावण तापतं, आणि पुढे सगळा प्रवाह आपल्या वजनाने खाली ओघळत फिरतो. उभी गाडी बरीच कललेली असेल तर हा प्रवाह अडतो आणि थंडावा थांबतो. तसाच तासन् तास चालू ठेवला तर फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन काही दिवस बाहेर चालतं, पण न उघडलेला साठा गारच ठेवावा लागतो. यजमान रात्रीच जवळच्या पेट्रोल पंपावरून बर्फाची पिशवी घेऊन आले. पेनं आम्ही टॉवेलात गुंडाळून आइसबॉक्समध्ये ठेवली, बर्फाला थेट टेकणार नाहीत अशी, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. सासूबाई उजाडेपर्यंत त्या डब्यापाशी बसून होत्या.

म्हणून माझं सांगणं आहे, खासगी जागा घेताना वेबसाइटवर विसंबू नका, फोन करा. कॅम्पग्राउंडमध्ये किती फुटांची गाडी मावते हे विचारू नका. आम्हाला देणार आहात त्याच नंबरच्या जागेची लांबी किती, जमीन सपाट आहे का, गाडी मागे घेत लावायची की एका बाजूने शिरून दुसरीकडून निघता येतं, वीज तीस अँपिअरची की पन्नासची, ऑफिस किती वाजता बंद होतं, हे विचारा. चाकांखाली घालायचे प्लास्टिकचे ठोकळे भाड्याच्या गाडीत असतीलच असं नाही, ते स्वतः विकत घ्या. औषधं फ्रीजमध्ये असतील तर आत एक छोटा थर्मामीटर ठेवा.

गाडी किती मोठी घ्यायची, हेसुद्धा मुक्काम आणि रस्ता पाहूनच ठरवावं. मेदरमध्ये ३० फुटांपर्यंतचीच गाडी चालते. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. झायनचा १९३० साली खुला झालेला सुमारे १.१ मैल लांबीचा बोगदा त्या काळच्या मोटारींच्या मापाने कोरलेला. ७ फूट १० इंचांहून रुंद किंवा ११ फूट ४ इंचांहून उंच गाडी न्यायची तर समोरची वाहतूक थांबवावी लागायची. जून २०२६पासून अशा मोठ्या गाड्यांना तो रस्ताच बंद करायचा निर्णय उद्यानाने जाहीर केला. भाड्याने मिळणाऱ्या नेहमीच्या आरव्ही या मापात बसत नाहीत, म्हणजे झायनहून ब्राइसला वळसा घालूनच जायचं, आणि तो वेळ धरूनच पुढचा मुक्काम निवडायचा. चौघांना २५ फुटी गाडी पुरते. त्याहून मोठी घेतली तर आत ऐसपैस वाटतं, पण निसर्गाच्या जवळच्या जागा एकेक करून हातच्या जातात.

जागेची खरी किंमत गाडी तिथे सोडून तुम्हाला कुठवर जाता येतं यावर ठरते. वॉचमनमधून चालत गेलं की शटलचा थांबा आहे, आणि झायनच्या मुख्य दरीत वर्षातला बराच काळ खासगी गाड्यांना प्रवेशच नसतो. दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेजमध्ये पाणी, वीज, सांडपाणी सगळी जोडणी मिळते, पण गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. मेदरला जोडणी नाही, झाडं मात्र भरपूर. दोनच रात्री असतील तर मी डोळे मिटून मेदर घेईन. टाक्या तेवढ्या पुरतात. बरोबर ऑक्सिजनचं किंवा श्वासाचं यंत्र लागणारं माणूस असेल तर मात्र वीजजोडणीवर तडजोड नको, कारण रात्री जनरेटर लावायला परवानगी नसते.

दक्षिण काठ साधारण ७,००० फुटांवर आहे, ब्राइस ८,०००च्या वर. ब्राइसला मे महिन्यातही रात्री पाणी गोठू शकतं, तेव्हा ज्येष्ठांच्या कानटोप्या आणि मोजे हाताशी असू द्या, आणि कुकर घ्याच, नाहीतर एवढ्या उंचीवर उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. युटातून ॲरिझोनात शिरताना उन्हाळ्यात घड्याळ एक तास मागे जातं. परत येताना तोच तास पुढे सरकतो, आणि ऑफिस बंद व्हायच्या वेळा नेमक्या त्यातच निसटतात. उजेड असताना पोचता येईल एवढंच अंतर दिवसाला ठेवा. जागा पसंत पडली नाही तर बदलून मागायला समोर कुणीतरी असायला हवं.