आधी कृती, मग शब्द



अकोटात आपण ख्रिस्ती लोक मूठभर. आपल्या बहुतेक शेजाऱ्यांनी बायबल उघडलेले नाही. ते प्रभू येशूला ओळखतात ते आपल्या वागण्यावरून. मापात आपण खरे आहोत का, मजुराचे पैसे वेळेवर देतो का, मिस्साहून घरी आल्यावर मुलांसमोर भांडतो का, हे सारे पाहिले जाते.

आपल्या वऱ्हाडातले संत गाडगेबाबा (1876-1956) ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांच्याकडून आपण शिकावे. गावात आले की ते आधी खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना उपदेश करीत. प्रभूनेही शेवटच्या भोजनाच्या वेळी आधी शिष्यांचे पाय धुतले, मग तसेच करण्यास सांगितले (योहान 13:1-15). पोप पौल सहावे यांनीही 1975 साली लिहिले की, माणसे शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतात.

मात्र आपला चांगुलपणा दिखाव्यासाठी नसावा (मत्तय 6:1). या आठवड्यात आपण एवढेच करू : कुणाची मजुरी किंवा उसने पैसे आपल्याकडे राहिले असतील, तर त्याने मागण्याआधी ते नेऊन देऊ.

प्रभू आपणास बळ देवो.