कॉम्प्रेसरची मोटर जळण्याआधी वाचवा: ओव्हरलोड रिलेचं साधं गणित



समजा, मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही पंक्चर आणि वॉशिंगचं दुकान टाकलंय. पावसाळ्यातला रविवार, गाड्यांची रांग, आणि नेमकी कॉम्प्रेसरची मोटर जळाली! रिवाइंडिंगचा खर्च वेगळाच, पण सीझनचं गिऱ्हाईक शेजारी गेलं ते नुकसान मोठं. शहापूरला महामार्गालगत गॅरेज असलं तरी गोष्ट हीच.

"एमसीबी आहे की!" असं बरेच जण म्हणतात. इथेच फसायला होतं. एमसीबी मुख्यतः वायरिंग वाचवतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या ६-७ पट करंट खेचते, म्हणून एमसीबी मोठा घ्यावा लागतो. मग २० टक्के जादा करंट त्याच्या लक्षातही येत नाही. पण वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट २० टक्के जास्त, तर उष्णता ४४ टक्के जास्त! मोटर आतून हळूहळू भाजत राहते.

हे ओळखतो स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले. त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि सप्लाय तुटतो. फक्त तो नीट लावलेला हवा:

१. नेमप्लेटवरचा अँपिअर बघा. थ्री फेज ३ एचपी मोटरला तो साधारण ४.५ ते ५ असतो. साध्या डीओएल स्टार्टरमध्ये रिलेची चकती त्याच आकड्यावर ठेवा.

२. रिसेट 'मॅन्युअल'वर ठेवा. 'ऑटो'वर असेल तर रिले थंड झाला की मोटर आपोआप सुरू होऊ शकते. तेव्हा कुणाचा हात पट्ट्याजवळ असला तर?

३. थ्री फेज असेल तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावा, शेतीपंपाच्या पॅनेलमध्ये असतो तसा. वादळात फांदी पडून एक फेज गेला, तर चालू मोटरच्या उरलेल्या दोन फेजमध्ये करंट पावणेदोन पटीच्या घरात जातो.

आणि रिले पडला की चकती वाढवून काम रेटू नका. रिले तुम्हाला काहीतरी सांगतोय. व्होल्टेज कमी आहे का? पट्टा फार ताणलाय का? कॉम्प्रेसर बंद होताना 'फुस्स' आवाज येतो का? तो येईनासा झाला तर बहुधा अनलोडर बिघडलाय. मग हवा अडकून राहते आणि मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं.

आजचं काम: टाकी भरत आली असताना वायरमनकडून क्लॅम्प मीटरने प्रत्येक फेजचा करंट मोजून घ्या, नेमप्लेटशी ताडून बघा आणि तारखेसह वहीत लिहा. मेन स्विच बंद केल्याशिवाय स्टार्टरचं झाकण स्वतः उघडू नका. आकडा जास्त निघाला तर घाबरू नका. मोटर अजून शाबूत आहे, दुरुस्ती आत्ताच स्वस्तात होईल.